गैंती-बेलचा पलटण

फौजेत गैंती आणि बेलचा, म्हणजे आपली कुदळ आणि फावडे, कोणाला चुकलेले नाही. मोर्चा खणायला तीच, तंबूभोवती चर काढायला तीच आणि पावसाळ्यात झाडे लावायलाही तीच. पण केवळ झाडे लावण्यासाठी आणि ती जगवण्यासाठी उभी केलेली पलटणही आपल्या फौजेत आहे. आपल्या बऱ्याच माजी सैनिकांनाही तिचा इतिहास ठाऊक नसतो. देहरादूनच्या पोस्टिंगमध्ये मला तो थोडा जवळून समजला, म्हणून हा लेख.

देहरादूनहून मसुरीकडे पाहिले की आज डोंगर हिरवा दिसतो. १९८० च्या आसपास त्याच डोंगरावर पांढरे ओरखडे दिसत. ते चुनखडीच्या खाणींचे. इथली चुनखडी उंची प्रतीची, साखर कारखान्यांपासून पोलाद कारखान्यांपर्यंत सगळीकडे तिला मागणी. १९६२ मध्ये सरकारने वीस-वीस वर्षांचे पट्टे दिले आणि सुरुंग लागू लागले. झाडे गेली, मग माती गेली, मग झरे आटले. पावसात खाणींचा राडारोडा ओढ्यांतून खाली येऊन शेतांत पसरू लागला.

गढवालमध्ये जंगलाचे दुखणे नवे नव्हते. २६ मार्च १९७४ ला चमोली जिल्ह्यातील रेणी गावात गौरादेवी आणि गावातल्या बायकांनी ठेकेदाराच्या माणसांना झाडांपासून परतवले, ते चिपको आंदोलन आपण शाळेत वाचले आहे. त्या दिवशी गावातले पुरुष नुकसानभरपाईसाठी बाहेर गेले होते. एरवीही गढवालच्या घराघरातला एखादा तरी पुरुष फौजेत असायचा. डोंगर राखायच्या त्या बायकाच. तो माणूस पेन्शन घेऊन घरी येई, तेव्हा अंगात ताकद आणि शिस्त दोन्ही शिल्लक असत, काम मात्र नसे.

या दोन गोष्टींची सांगड १ डिसेंबर १९८२ ला घातली गेली. टेरिटोरियल आर्मीत १२७ इन्फंट्री बटालियन (इकॉलॉजिकल), गढवाल रायफल्स, उभी राहिली. जवान बहुतेक त्याच भागातले माजी सैनिक. वर्दी आणि शिस्त फौजेची, खर्च पर्यावरण खात्याचा, झाडांचे ज्ञान वन खात्याचे. गावाजवळ नोकरी मिळाली आणि गावच्या डोंगराला पलटण मिळाली.

पुढच्याच वर्षी देहरादूनच्या एका संस्थेने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने तेच याचिका म्हणून दाखल करून घेतले. १२ मार्च १९८५ च्या आदेशात न्यायमूर्ती भगवतींच्या पीठाने अनेक खाणी बंद केल्या. त्याच आदेशात आणखी एक गोष्ट आहे. बंद खाणींची जमीन या इको टास्क फोर्सच्या मदतीने पुन्हा उभी करा, आणि खाणी बंद झाल्यामुळे ज्या मजुरांचा रोजगार जाईल त्यांना शक्य तितक्या लवकर याच वनीकरणाच्या कामावर घ्या, असे न्यायालयाने सांगितले. ज्या हातांनी डोंगर फोडला त्यांची चूल विझू नये, हा विचार मला त्या निकालातला सर्वात मोठा वाटतो.

काम किती कठीण होते ते खाणीच्या उतारावर उभे राहिले की कळते. तिथे माती नसते, नुसता सरकणारा दगडचुरा असतो. रोप लावले तर पहिल्याच पावसात ते दगडांसकट खाली जाते. म्हणून आधी ओढ्यांत दगडांचे बांध घालून उतार थोपवायचा, मग गवत आणि झुडपे, आणि ती मूळ धरू लागली की झाडे. खड्डे पावसाआधी खणून ठेवायचे, रोपे खांद्यावर वाहून चढवायची, गुरांपासून कुंपण घालायचे. मेलेल्या रोपांच्या जागी पुढच्या पावसात दुसरी लावायची. असे एका उतारावर वर्षानुवर्षे. यात शौर्यपदक नाही, फक्त रोजची हजेरी आहे.

ही वाट पुढे इतरांनी धरली. १९८३ मध्ये राजस्थानसाठी १२८ वी बटालियन उभी राहिली. तिथे शत्रू दगडचुरा नव्हता, इंदिरा गांधी कालव्यावर चाल करून येणारी वाळू होती. मग जम्मू, पिथौरागढ, दिल्लीच्या भाटी खाणी, आसाम. आणि २०१७ मध्ये आपल्याकडे औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, १३६ वी, महार रेजिमेंटची. मराठवाड्यातला दुष्काळ पाहून भरती झालेला जवान निवृत्तीनंतर त्याच मराठवाड्यात झाडे लावतो आहे.

आता थोडे आपल्या नेहमीच्या पलटणींविषयी. दर पावसाळ्यात सगळे युनिट फॉलइन होते. सीओ साहेबांपासून नव्या रिक्रूटपर्यंत प्रत्येकाच्या हातात रोप, वहिनी आणि मुलेही असतात, शेवटी चहा-पकोडे. हे मला मनापासून आवडते. त्या एका सकाळी रँकची दरी थोडी बुजते आणि कोणाला कोणते झाड ओळखता येते ते कळते. गावाकडचा पोरगा तिथे साहेबांचा उस्ताद होतो. पण दोन-तीन वर्षांत युनिट हलते. नवे युनिट येते, ते आपली रोपे आणते, आणि जुन्यांतली किती जगली हे कोणी विचारत नाही.

१२७ व्या बटालियनला डोंगर साधला तो एका दिवसात लावलेल्या रोपांच्या आकड्यामुळे नव्हे. लावणारे तिथेच राहिले, हे खरे कारण. चौकी जिंकणे एक आणि ती राखणे दुसरे, हे फौजीला वेगळे सांगायला नको. आपण राहू शकत नाही, हे मान्य. पण हँडिंग-टेकिंग करताना भांडी, खाटा, पंखे मोजून देतो, तशी जिवंत झाडेही मोजून द्यावीत. किती लावली, किती उभी आहेत, पाणी कोण घालतो, हे रजिस्टरात एका पानावर मावते. येणाऱ्या सुभेदार साहेबांनी त्यावर सही केली की ती झाडे त्यांच्या युनिटची झाली.

आणि निवृत्त बंधूंनो, तुम्ही तर आता गावातच आहात. तुमची बदली होणार नाही. गावात चार माजी सैनिक असतील तर गैंती-बेलचा कुठे मिळेल ते सांगायला नको.

जय हिंद.