स्वतःचा व्यवसाय असताना आरोग्य विमा आणि मुलांच्या दातांच्या तारा: खर्च कसा बसवावा?

रिक्षा, सलून, शिवणकाम, किराणा दुकान, वायरिंगची कामे, जेवणाचे डबे असा स्वतःचा व्यवसाय असलेल्या घरांत विम्याचा हप्ता पगारातून आपोआप कापला जात नाही. तो स्वतः आठवणीने भरावा लागतो, आणि नेमक्या त्याच महिन्यात शाळेची फी किंवा दुकानाचे भाडे पुढे उभे असते. त्यात मूल ११-१२ वर्षांचे झाले की दातांचे डॉक्टर म्हणतात, "तारा लावाव्या लागतील." मग दवाखान्यात मला हमखास विचारला जाणारा प्रश्न येतो: "डॉक्टर, यंदा पॉलिसी थांबवून मुलीच्या दातांचे करून घेतले तर चालेल का?"

चालणार नाही. तारा काही महिने पुढे गेल्या तर बहुतेक मुलांचे काही बिघडत नाही. पॉलिसी खंडित झाली तर मात्र आजवर पूर्ण केलेला प्रतीक्षा कालावधी वाया जातो. आधीपासून असलेल्या आजारांसाठी (मधुमेह, रक्तदाब, दमा वगैरे) कंपन्या जास्तीत जास्त ३ वर्षे थांबायला लावू शकतात, आणि नवी पॉलिसी घेतली की हे घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होते. वार्षिक हप्ता चुकला तर साधारण ३० दिवसांची सवलत असते. तेवढ्यात पैसे भरले तर पॉलिसीचे सातत्य टिकते, पण मधल्या दिवसांत कुणी अॅडमिट झाले तर त्याचा खर्च मिळेलच असे नाही. वर्षाचा हप्ता एकदम जमत नसेल तर मासिक किंवा तिमाही हप्त्याची सोय आहे का, हे नूतनीकरणाच्या आधी विचारा.

विमा तारांचा खर्च देतो का?

जवळजवळ कधीच नाही. आपल्याकडचा नेहमीचा आरोग्य विमा मुख्यतः अॅडमिट होण्याच्या खर्चासाठी असतो. दात सरळ करण्याचा उपचार खुर्चीत बसून, महिन्या-महिन्याने होतो आणि पॉलिसीत तो बहुधा स्पष्टपणे वगळलेला असतो. सायकलवरून पडून जबड्याला मार लागला आणि अॅडमिट व्हावे लागले, तर त्या दातांच्या उपचाराचा खर्च सहसा मिळतो. काही पॉलिसींत ओपीडी किंवा 'डेंटल' जोडून मिळते. ते विकत घेण्यापूर्वी तारांचा उपचार त्यात आहे का, हे लेखी विचारा. दात साफ करणे आणि तपासणी एवढ्यावरच ते बरेचदा संपते. फक्त तारांच्या आशेने महागडी पॉलिसी घेऊ नये.

म्हणजे हे दोन वेगळे खर्च आहेत. एकासाठी विमा, दुसऱ्यासाठी बचत.

विमा परवडेल असा कसा घ्यावा

आधी फुकट काय मिळते ते पाहा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आता पांढऱ्या रेशनकार्डासह राज्यातील कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. ते ठरावीक उपचारांसाठी आणि योजनेतल्या रुग्णालयांतच मिळते. चौकशीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे. तारा या योजनेत नाहीत. घरातल्या ७० वर्षांवरील आईवडिलांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येते, त्याला उत्पन्नाची अट नाही. पती-पत्नीपैकी एकजण नोकरीत असेल तर ईएसआयसी किंवा कंपनीच्या गटविम्यात मुलांची नावे घातली आहेत का, हेही बघा. नावे घालायची राहून गेलेली घरे मी बरीच पाहिली आहेत.

तरीही स्वतःची पॉलिसी असावी, असे माझे मत आहे. जवळचे रुग्णालय योजनेत असेलच असे नाही आणि प्रत्येक आजार यादीत बसत नाही. पती, पत्नी आणि मुले यांची एकत्रित म्हणजे फ्लोटर पॉलिसी स्वस्त पडते. आईवडिलांना त्यात घालू नका, कारण हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या व्यक्तीच्या वयावर ठरतो. मोठ्या रकमेची एकच पॉलिसी झेपत नसेल तर ५ लाखांची मूळ पॉलिसी आणि तिच्यावर ५ लाखांच्या पुढचा खर्च देणारी सुपर टॉप-अप, ही जोडी सहसा कमी पैशांत बसते. आरोग्य संजीवनी ही ठरलेल्या नमुन्याची पॉलिसी बहुतेक सर्वसाधारण आणि आरोग्य विमा कंपन्यांकडे असते आणि अटी सारख्याच असल्याने हप्त्यांची तुलना सोपी जाते. तिच्यात प्रत्येक दाव्याचे ५ टक्के आपल्याला भरावे लागतात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फ्लोटर आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी रद्द झाला आहे. जुन्या करप्रणालीत विवरणपत्र भरत असाल तर स्वतः, जोडीदार आणि मुले यांच्या हप्त्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. हप्ता रोखीने भरला तर मिळत नाही. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही.

खोलीभाड्याची मर्यादा हा मुद्दा लोक हमखास सोडून देतात. समजा पॉलिसीत रोज ३,००० रुपयांची खोली मंजूर आहे आणि आपण ६,००० ची घेतली. कंपनी फक्त भाड्यातला फरक कापून थांबत नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचा आकार असे खोलीशी जोडलेले खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मे, कापू शकते. कमी हप्त्याची पॉलिसी जरूर घ्या, पण ही ओळ वाचून घ्या आणि अॅडमिट होताना लक्षात ठेवा.

अर्जात आजार लपवू नका. "केसपेपरवर बीपी जुना आहे असे लिहू नका," अशी विनंती मला महिन्यातून एकदा तरी होते. मी ती मान्य करत नाही, आणि त्यात पेशंटचेही भले नाही. जुन्या चिठ्ठ्या, औषध दुकानाची बिले, तपासण्यांचे रिपोर्ट यांतून माहिती बाहेर येतेच आणि दावा नेमका मोठ्या आजारपणात नाकारला जातो. तंबाखूसुद्धा लिहा. हप्ता थोडा वाढेल, पण पॉलिसी कामाला येईल.

स्वतःच्या धंद्यात आणखी एक गोष्ट आहे. आपण अॅडमिट असताना दुकान बंद असते, आणि आरोग्य विमा ते नुकसान भरून देत नाही. निदान अपघातासाठी तरी वेगळे संरक्षण ठेवा. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून मिळणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी २ लाख रुपये देते. रक्कम लहान आहे, पण २० रुपयांसाठी ती सोडू नये.

आता तारा: घाई कुणाला आहे?

दात थोडे वाकडे आहेत, दोन दातांत फट आहे, एवढ्यावरून लगेच तारा लागतात असे नाही. नेहमीचा तारांचा उपचार कायमचे दात बरेचसे आल्यावर, साधारण ११ ते १४ या वयात करतात. तो मोठेपणीही होतो. म्हणून सहा महिने पैसे साठवून सुरुवात केली तर बहुतेक मुलांचे नुकसान होत नाही.

काही मुलांना मात्र थांबवू नये. वरचे दात खालच्या दातांच्या आत बसत असतील, खालचा जबडा खूप मागे किंवा पुढे असेल, तर वाढीचे वय निघून गेल्यावर उपचार अवघड होतो आणि कधी शस्त्रक्रियेपर्यंत जातो. पुढचे दात फार बाहेर असलेल्या मुलांचे दात पडल्या-झडल्यावर तुटण्याचा धोका जास्त असतो. वरचा सुळा दहा-अकराव्या वर्षापर्यंत हिरडीत हाताला लागत नसेल तर एक्स-रे काढून घ्यावा, कारण अडकलेला सुळा शेजारच्या दाताचे मूळ झिजवू शकतो. मूल तोंडाने श्वास घेत असेल, रात्री घोरत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांनाही दाखवा.

म्हणून सातव्या वर्षाच्या आसपास एकदा ऑर्थोडॉन्टिस्टला, म्हणजे बीडीएसनंतर या विषयात एमडीएस केलेल्या डॉक्टरांना, दाखवून घ्यावे. तेव्हा बहुधा काहीच करावे लागत नाही. पण चार-पाच वर्षे आधी अंदाज मिळतो आणि महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकता येते. दुधाची दाढ किडून वेळेआधी काढावी लागली तर ती जागा राखणारी छोटी पट्टी बसवून घ्या. ती जागा गेली की पुढे तारांचे काम वाढते.

पैसे कसे भरावेत

धातूच्या साध्या तारा सर्वांत स्वस्त असतात आणि कामही उत्तम करतात. दाताच्या रंगाच्या सिरॅमिक तारा महाग पडतात आणि पारदर्शक अलाइनर सहसा त्याहून महाग. मुलाला लाज वाटते म्हणून कर्ज काढून महागडा पर्याय घ्यावा, असे मला वाटत नाही. हल्ली वर्गात तारा लावलेली चार मुले असतातच.

उपचार साधारण दीड ते दोन वर्षे चालतो, त्यामुळे पैसेही टप्प्याटप्प्याने देता येतात. समजा एकूण ४५,००० रुपये सांगितले, तर सुरुवातीला १२,००० आणि पुढे २२ महिने १,५०० रुपये, असे बहुतेक डॉक्टर मान्य करतात. विचारायला संकोच करू नका. विम्याचा वार्षिक हप्ता २१,६०० असेल तर त्यासाठी महिना १,८०० वेगळे. दोन्ही मिळून ३,३०० रुपये होतात. धंद्याच्या खात्यात हे पैसे ठेवले तर माल भरण्यात जातात. पोस्टात किंवा बँकेत आवर्ती ठेव काढा.

'बिनव्याजी ईएमआय' घेताना जपून. ते बहुधा वित्त कंपनीचे कर्ज असते. दवाखान्याला पैसे आधीच पोचतात आणि उपचार अर्धवट राहिला किंवा दवाखाना बंद पडला तरी हप्ते आपल्या नावावर चालूच राहतात. थेट डॉक्टरांना महिन्याला देणे जास्त सुरक्षित.

सांगितलेल्या रकमेत एक्स-रे, दात काढणे, निघालेले ब्रॅकेट पुन्हा चिकटवणे आणि शेवटचा रिटेनर धरला आहे का, हे कागदावर लिहून घ्या.

शासकीय दंत महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. मुंबईत महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आणि गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालयही आहे. तेथे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली पदव्युत्तर विद्यार्थी उपचार करतात आणि खर्च खासगीपेक्षा बराच कमी येतो. यादी लांब असू शकते, उपचारादरम्यान विद्यार्थी डॉक्टर बदलू शकतात आणि दर महिन्याला कामाच्या दिवशी सकाळी जावे लागते. एका दिवसाची कमाई बुडणार असेल तर तीही हिशोबात धरा. आई मुलीला घेऊन एसटीने जात असेल तर महिलांना तिकीट निम्मे आहे. खासगी दंत महाविद्यालयांतही दर कमी असतात, तिथेही चौकशी करा.

तारा असताना चिक्की, ऊस, अख्खा पेरू, कडक सुपारी दातांनी तोडू देऊ नका, कारण ब्रॅकेट निघाले की एक फेरी वाढते. दोनदा नीट ब्रश केला नाही तर तारांभोवती दात किडतात आणि तो खर्च वेगळा. तारा काढल्यानंतर रिटेनर सांगितला तेवढा काळ वापरावाच लागतो, नाहीतर दात पुन्हा जागा सोडू लागतात. तो जेवताना कागदी रुमालात गुंडाळून ठेवतात आणि तसाच कचऱ्यात जातो. डबी द्या आणि डबीवर नाव लिहा.