नळी सुटल्यावर

मालवणच्या समुद्रात माझी चौथी डाइव्ह होती. हवेचा काटा पन्नास बारवर आला, जोडीदाराकडे अजून शंभराच्या वर होते. तरी मी खूण केली नाही. नवखा दिसेन, एवढीच भीती. शेवटी त्यानंच माझा काटा पाहिला आणि अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘छान’ नव्हे, ‘वर चला’.

पूर्वी ही लपवाछपवी जमलीच नसती. एकोणिसाव्या शतकातला पाणबुड्या धातूचं शिरस्त्राण घालून उतरायचा. हवा वरच्या पंपातून नळीनं यायची आणि बोटीवर दोर धरून बसलेला माणूस त्याचे झटके ओळखायचा. वर कसं यायचं, याचे तक्तेही जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १९०८ साली मांडले. त्यासाठी आधी बकऱ्यांवर प्रयोग झाले, मग १९०६ मध्ये ब्रिटिश नौदलाचे डॅमंट आणि कॅटो २१० फुटांपर्यंत उतरले.

१९४३ मध्ये फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां यांनी ॲक्वालंग बनवलं. नळी सुटली, पाणबुड्या मोकळा झाला. पण दोर धरणारा माणूसही गेला. त्याची जागा सोबत पोहणाऱ्यानं घ्यायची, म्हणून जोडीनं उतरण्याचा नियम आला. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत डायव्हिंग शिकवणारे कॉनरॅड लिंबॉ १९६० मध्ये फ्रान्सच्या पोर्त-मिऊ इथल्या पाण्याखालच्या गुहेत सोबत्यापासून चुकले आणि गेले. इतक्या मुरलेल्या माणसाची ही गत.

दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, वीसवर तिप्पट. हवाही त्याच पटीत लवकर संपते. त्यात नवखा धापा टाकतो. म्हणून किती खोल जायचं, कधी फिरायचं, हे ज्याची हवा आधी संपते त्याच्यावरून ठरवावं लागतं. पण त्यानं सांगितलंच नाही, तर बाकीच्यांचा बेत चुकीच्या आकड्यावर उभा राहतो.

ओझरला घरी हे सांगितलं. बाबांची नोकरी एचएएलमध्ये गेली, जिथे १९६४ साली मिगचा कारखाना स्थापन झाला. ते म्हणाले, “आमच्याकडे सहीशिवाय विमान हलत नाही. तुझ्या हवेवर सही कोणाची होती?”

पुढच्या वेळी बोटीतच म्हणालो, “माझी हवा लवकर संपते. शंभरला परत फिरू या.”

समोरचे काका मास्क पुसत म्हणाले, “बरं झालं बोललास. माझीपण.”