कोरोनाचे आकडे: दोन देशांची तुलना करण्याआधी काय तपासायचं?

"अमेरिकेत इतके मेले, आपल्याकडे फक्त इतके." असे मेसेज व्हॉट्सॲपवर आजही फिरतात. त्यातला आकडा बरोबर असला तरी तुलना चुकलेली असू शकते. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि रोजचं काम डेटाशीच असतं. त्यामुळे कुठलाही आकडा दिसला की मी आधी विचारतो: हा मोजला कोणी, आणि कसा? या लेखात आपण तेच बघू.

आकडा येतो कुठून?

माझं गाव वढू बुद्रुक, तालुका शिरूर. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे तुम्हाला नाव माहीत असेल. इथल्या कुणाची टेस्ट पॉझिटिव्ह आली, तर तो पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागाच्या आकड्यात जायचा. पुणे मनपा आणि पिंपरी-चिंचवड मनपा यांचे आकडे वेगळे असायचे. पुढे जिल्हा, राज्य, केंद्र आणि शेवटी जगाचे डॅशबोर्ड.

मृत्यूच्या दाखल्याची वाट मात्र वेगळी आहे. मृत्यू जिथे होतो, तिथे त्याची नोंद होते. वढूचा माणूस पुण्यातल्या हॉस्पिटलमध्ये गेला, तर नोंद पुण्यात होते, वढूच्या ग्रामपंचायतीत नाही. म्हणजे कोविडची यादी आणि जन्म-मृत्यू नोंदणी या दोन वेगळ्या सिस्टीम आहेत. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा डॅशबोर्ड २२ जानेवारी २०२० ला सुरू झाला आणि १० मार्च २०२३ ला त्याचं अपडेट थांबलं. आपल्याकडे स्वयंसेवकांनी चालवलेली 'कोविड१९इंडिया' ही साइट ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत चालली. या साइट्स स्वतः रुग्ण मोजत नव्हत्या. सरकारी बुलेटिनमधले आकडे एकत्र करत होत्या. मूळ आकड्यात जे सुटलं, ते इथेही सुटलं.

तुलनेआधी या पाच गोष्टी बघा

१) लोकसंख्या. अधिकृत आकड्यांनुसार मार्च २०२३ पर्यंत अमेरिकेत ११ लाखांहून जास्त मृत्यू झाले, भारतात सुमारे ५.३ लाख. म्हणजे फरक दुपटीचा वाटतो. पण अमेरिकेची लोकसंख्या सुमारे ३३ कोटी, आपली १४० कोटी. दर १० लाख लोकांमागे काढलं तर तिकडे ३,३०० च्या वर आणि इकडे साधारण ३८०. फरक एकदम आठ-नऊ पटींवर जातो. पण इथेच थांबू नका, खालच्या चार गोष्टी अजून बाकी आहेत.

२) टेस्ट. टेस्ट कमी तर रुग्ण कमी दिसणार. २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात जास्त रुग्ण असलेल्या पाच प्रभागांत १,६६४ लोकांचं रक्त तपासलं. ५१.५ टक्के लोकांमध्ये अँटिबॉडी सापडल्या. म्हणजे निम्म्या लोकांना संसर्ग होऊन गेला होता. अधिकृत रुग्णसंख्या याच्या जवळपासही नव्हती. म्हणून "१०० रुग्णांमागे किती मृत्यू" हा दर दोन देशांत थेट तुलना करायला कच्चा आहे. टेस्ट वाढल्या की तो आपोआप खाली येतो.

३) तारीख. १६ जून २०२० ला महाराष्ट्राने आधी सुटलेले १,३२८ मृत्यू एकाच दिवशी यादीत घातले. ग्राफवर उंच टोक आलं, पण ते सगळे त्या दिवशी गेलेले नव्हते. म्हणून एका दिवसाचा आकडा कधीच घेऊ नका. सात दिवसांची सरासरी बघा.

४) व्याख्या. कोविडचा मृत्यू कशाला म्हणायचं? बेल्जियमने सुरुवातीपासून वृद्धाश्रमातले संशयित मृत्यूही मोजले. ब्रिटनने ऑगस्ट २०२० मध्ये 'पॉझिटिव्ह टेस्टपासून २८ दिवसांच्या आत' असा नियम लावला आणि एकूण आकडा ५,००० हून जास्त कमी झाला. गेलेली माणसं तेवढीच होती, नियम बदलला होता.

आपल्याकडे या व्याख्येला पैशांचीही बाजू आहे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कोविडने गेलेल्यांच्या कुटुंबाला ५०,००० रुपये द्यायचं ठरलं. नियम होता टेस्टपासून ३० दिवसांचा, किंवा डॉक्टरांनी तपासून कोविड ठरवल्याचा. ज्यांची टेस्टच झाली नाही आणि जे घरीच गेले, त्यांच्या घरच्यांना कागद जमवायला किती त्रास झाला असेल, विचार करा.

५) अतिरिक्त मृत्यू. माझ्या मते तुलनेसाठी हाच सगळ्यात भरवशाचा आकडा. नेहमीच्या वर्षी जितके मृत्यू होतात, त्यापेक्षा किती जास्त झाले, एवढंच बघायचं. कारण काय लिहिलंय याचा प्रश्नच येत नाही. इथे ती दुसरी सिस्टीम, म्हणजे जन्म-मृत्यू नोंदणी, कामाला येते.

भारतात २०२० मध्ये सुमारे ८१ लाख मृत्यूंची नोंद झाली, २०२१ मध्ये सुमारे १ कोटी २ लाख. म्हणजे एका वर्षात २१ लाखांची वाढ. त्याच वर्षातले अधिकृत कोविड मृत्यू साधारण ३.३ लाख. सगळी वाढ कोविडचीच असं म्हणता येणार नाही, कारण नोंदणीचं प्रमाणही वाढत असतं. पण तफावत मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०-२१ साठी भारताचा अंदाज ४७ लाख दिला. केंद्र सरकारने त्या गणिती मॉडेलवर आक्षेप घेतला आणि तो आकडा मानला नाही. पेरू देशाने मात्र मे २०२१ च्या शेवटी स्वतःच फेरतपासणी केली आणि ६९,३४२ चा आकडा १,८०,७६४ केला. एका रात्रीत तो देश लोकसंख्येच्या मानाने जगात सगळ्यात वर गेला.

स्वतः करून बघा

मोबाईलवर 'अवर वर्ल्ड इन डेटा' उघडा. भारत आणि अजून एक देश निवडा. आधी एकूण मृत्यू बघा, मग दर १० लाखांमागचे, मग अतिरिक्त मृत्यू. तिन्ही वेळा क्रम बदलतो का, ते तपासा.

कमी आकड्याचे दोन अर्थ असू शकतात: माणसं कमी गेली, किंवा मोजली कमी गेली. यातलं नक्की काय झालं हे कळल्याशिवाय मेसेज फॉरवर्ड करू नका.