हसवणारा वायू आणि रडवणारी दाढ

दाढ दुखते त्याच्या दुप्पट दाढेच्या डॉक्टरची भीती दुखते. आमच्या नात्यात एक बाई आहेत (नाव सांगत नाही, त्या हा ब्लॉग वाचतात!), त्या अकरा वर्षं एकाच बाजूने जेवत होत्या. कारण काय, तर त्या खुर्चीत बसायचं नाही. शेवटी सुनेने असा दवाखाना शोधला, जिथे नाकावर छोटा मास्क ठेवून गॅस देतात. लगेच मला फोन. "अगं, म्हणजे मला बेशुद्ध करणार का?" मी पडले इतिहासाची बाई. सरळ उत्तर देईन तर शपथ! सुरुवात केली ती थेट 1844 पासून. त्यांनी ऐकून घेतलं बिचाऱ्यांनी. आता तुम्हीही ऐका.

या गॅसचं नाव नायट्रस ऑक्साइड. जोसेफ प्रीस्टले या इंग्रज शास्त्रज्ञाने तो 1772 च्या सुमारास प्रथम तयार केला. पुढे ब्रिस्टलला हम्फ्री डेव्ही नावाच्या विशीतल्या मुलाने तो स्वतःवरच भरपूर वापरून पाहिला. त्याची अक्कलदाढ ठणकत होती, हिरडी सुजली होती. गॅस घेतल्यावर ठणका कमी झाला. 1800 साली छापलेल्या पुस्तकात त्याने लिहूनही ठेवलं, की शस्त्रक्रियेच्या वेळी या वायूचा उपयोग होऊ शकेल. आणि त्यानंतर चव्वेचाळीस वर्षं कोणी काही केलं नाही! लोकांनी केलं ते एवढंच, की गॅस हुंगायचा आणि खिदळायचं. म्हणून तो 'लाफिंग गॅस'. गावोगाव त्याचे तिकीट लावून खेळ व्हायचे.

असाच एक खेळ 10 डिसेंबर 1844 ला अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या हार्टफर्ड गावी झाला. खेळ करणारा गार्डनर कोल्टन, तिकीट 25 सेंट. गॅस घेतलेल्यांनी स्वतःला किंवा दुसऱ्यांना इजा करू नये म्हणून पुढच्या रांगेत आठ दणकट माणसं बसवली आहेत, असं जाहिरातीतच छापलेलं होतं. (आपल्याकडच्या जत्रेतल्या तंबूवाल्यालाही हे सुचलं नसतं.) सॅम्युएल कूली नावाचा औषधाच्या दुकानातला एक नोकर गॅस घेऊन नाचला, धावला, बाकांवर आपटला आणि जागेवर येऊन बसला. पाय रक्ताळलेला. त्याला पत्ताच नाही! सभागृहात सगळे हसत होते. एक माणूस मात्र त्या पायाकडे बघत होता. तो होता गावातला दातांचा डॉक्टर, होरेस वेल्स. वय 29.

त्या काळी दात काढणं म्हणजे काय, याची आज कल्पना करवत नाही. भूल नावाची गोष्टच नव्हती. दारू पाजायची, माणसाला धरून ठेवायचं आणि ओढायचं. वेल्स हे रोज करत होता. दुसऱ्याच दिवशी त्याने कोल्टनला बोलावलं, गॅसची पिशवी स्वतःच्या तोंडाला लावली आणि जॉन रिग्ज या सहकाऱ्याला स्वतःची दाढ उपटायला सांगितलं. रोग्यावर नाही, आधी स्वतःवर! दाढ निघाली, दुखलं नाही. पुढच्या काही आठवड्यांत त्याने आणखी डझनभर लोकांचे दात असेच काढले. पेटंट घेतलं नाही. ही गोष्ट सर्वांसाठी मोकळी असावी, हे त्याचं म्हणणं.

जानेवारी 1845 मध्ये तो बोस्टनला गेला. हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांसमोर प्रयोग ठरला. गॅसची पिशवी जरा लवकर बाजूला घेतली गेली, रोगी ओरडला. विद्यार्थ्यांनी 'थोतांड, थोतांड' म्हणून हुर्यो उडवली. त्या रोग्याने नंतर सांगितलं, की नेहमीसारखं काही दुखलं नव्हतं. पण हुर्यो उडवून झाल्यावर कोण ऐकतो? पस्तीस वर्षं वर्गावर काढली आहेत मी. एका मुलाने फळ्यापाशी चूक केली आणि वर्ग हसला, की तो मुलगा पुन्हा हात वर करत नाही. वेल्सचं तसंच झालं. तो घरी आला, आजारी पडला आणि दातांचा व्यवसाय त्याने मध्येच सोडून दिला.

वीस-एकवीस महिन्यांनी त्याच बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टनने ईथर वापरून भूल देऊन दाखवली. तारीख 16 ऑक्टोबर 1846, मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल, मानेवरच्या गाठीची शस्त्रक्रिया. टाळ्या पडल्या, जगभर नाव झालं. हा मॉर्टन वेल्सकडेच शिकलेला, काही काळ त्याचा भागीदार! त्याने मात्र पेटंट घेतलं. मग श्रेयावरून जी भांडणं लागली, ती मी इथे सांगत बसत नाही. भाऊबंदकी आपल्याला नवीन नाही.

वेल्सचा शेवट सांगताना मन घट्ट करावं लागतं. 1847 च्या अखेरीस क्लोरोफॉर्म नवीन आलं होतं. न्यूयॉर्कमध्ये एकटा राहून तो तेही स्वतःवर वापरून बघू लागला. त्याच्या अमलाखाली भान सुटलं आणि रस्त्यावर दोन बायकांवर त्याने आम्ल फेकलं. तुरुंगात भानावर आल्यावर आपण काय केलं ते त्याला कळलं. 24 जानेवारी 1848 ला त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. तेहतिसावा वाढदिवस होऊन तीन दिवस झाले होते. पॅरिसच्या वैद्यक मंडळाने वेदनाहरणाचा मान त्याला दिल्याची बातमी आली तेव्हा तो गेलेला होता.

आता फोनवरच्या प्रश्नाकडे येते. बोस्टनला गॅस कमी पडला, याचं एक कारण त्याच्या स्वभावातच आहे. हा वायू मुळात सौम्य. भरपूर ऑक्सिजन ठेवून तो दिला, तर त्याच्या एकट्याच्या जोरावर माणूस पुरता बेशुद्ध होतच नाही. गंमत बघा, जो दोष म्हणून तेव्हा हसं झालं, तोच आज गुण ठरला आहे! दुखणं थांबवण्याचं मुख्य काम पुढे हिरडीत टोचायच्या औषधांनी घेतलं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रोकेन आणि 1943 मध्ये तयार झालेलं लिडोकेन. पण भीती काही इंजेक्शनने बधिर होत नाही. उलट सुई बघून वाढते. तिथे हा जुना गॅस उपयोगी पडतो. तो ऑक्सिजनमध्ये मिसळून, हळूहळू वाढवत नाकावाटे देतात. माणूस जागा असतो, 'तोंड उघडा' म्हटलं की उघडतो, फक्त आतली धडधड शांत होते. शेवटी नुसता ऑक्सिजन देतात आणि काही मिनिटांत सगळं उतरतं.

भीती फारच असेल तर आधी घ्यायची गोळी असते, किंवा शिरेतून मिडाझोलमसारखं औषध देतात. त्यात गुंगी जास्त येते, नंतर नीट आठवतही नाही. म्हणून घरचं माणूस सोबत लागतं, त्या दिवशी गाडी चालवायची नाही, आणि औषध देणारा त्यातला शिकलेला हवा. श्वासावर, नाडीवर सतत लक्ष ठेवावं लागतं. आपले इतर आजार आणि चालू गोळ्या डॉक्टरांना आधी सांगायच्या. लपवायचं नाही, हे माझ्या पिढीला मुद्दाम सांगते! बाईंना मी सांगितलं, "बेशुद्ध नाही हो करणार, नुसतं निवांत करतील." त्या गेल्या, दोन दाढा काढून आल्या.

असो. तो खेळवाला कोल्टन मात्र वेल्सला विसरला नाही. 1863 मध्ये त्याने हा गॅस पुन्हा दातांच्या दवाखान्यात आणला आणि न्यूयॉर्कला फक्त दात काढण्याची संस्थाच काढली. गॅस घेतलेल्या प्रत्येकाची सही तो एका लांबलचक कागदाच्या गुंडाळीवर घ्यायचा. त्या सह्या लाखाच्या वर गेल्या. 1864 मध्ये अमेरिकन दंतवैद्यांच्या संघटनेने वेल्सचं श्रेय मान्य केलं. हार्टफर्डच्या बागेत 1875 पासून त्याचा पुतळा उभा आहे. आमच्या वाचकांपैकी कोणाची मुलं-नातवंडं त्या बाजूला असतील, तर बुशनेल पार्क विचारा आणि फोटो पाठवा.