पाणी सापडलं, जंतू सापडेना

घाटकोपरला आमच्या चाळीत कुणाला खोकताना कुशीत कळ आली की शेजारच्या काकू निदान करून मोकळ्या. म्हणायच्या, "छातीत पाणी झालं असेल." 2010 मध्ये दादाच्या बाबतीत त्या बरोबर निघाल्या. पण हे पाणी टीबीचं, हे कळायला दोन महिने गेले. का, त्याचा इतिहास आज सांगतो.

पाणी फुप्फुसात नसतं. फुप्फुसाभोवती दोन पातळ पडदे असतात, त्यांच्या मधल्या फटीत ते साचतं. ते ओळखायची युक्ती फार जुनी आहे. 1761 साली व्हिएन्नात लिओपोल्ड आउएनब्रुगर या डॉक्टरनं छातीवर ठोकून आवाज ऐकायची पद्धत पुस्तकात मांडली. त्याचे वडील खाणावळवाले. पिंपात दारू कुठवर आहे हे ठोकून कळतं, ते त्यानं तिथेच पाहिलं असं सांगतात. भरलेला भाग बद्द वाजतो. आपले डॉक्टर पाठीवर बोट ठेवून टकटक करतात ना, ते हेच. 1895 मध्ये क्ष-किरण सापडले आणि मग पाणी फोटोतही दिसायला लागलं.

म्हणजे पाणी सापडलं. जंतूचं काय? 24 मार्च 1882 ला रॉबर्ट कॉखनं बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला. पण या पाण्यात तो सहसा दिसतच नाही. थोडेसे जंतू पडद्यापर्यंत पोचतात, शरीर त्यांच्यावर तुटून पडतं आणि त्या झटापटीतून पाणी सुटतं. पाणी लिटरभर, जंतू मोजके. थुंकी निगेटिव्ह, पाणीही निगेटिव्ह, पेशंट मात्र तापानं फणफणलेला.

या अडचणीचा धंदा झाला. रक्तातली अँटिबॉडी बघून टीबी सांगणाऱ्या टेस्ट गल्लोगल्लीच्या लॅबमध्ये विकल्या जायच्या. दादाच्या फाईलमध्ये तो कागद अजून आहे, 'निगेटिव्ह'. त्यावर विसंबून नुसती साधी अँटिबायोटिक्स चालली. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या टेस्ट वापरू नका म्हणून सांगितलं, आणि जून 2012 मध्ये भारतानं त्यांच्यावर बंदी घातली. आमच्यासाठी उशीरच.

खरं काम केलं सुईनं. दुसऱ्या डॉक्टरांनी पाठीतून पाणी काढलं, लिंबाच्या चहासारखं पिवळं. त्यात लिम्फोसाइट पेशी भरपूर आणि एडीए हे एन्झाइम खूप वाढलेलं. 1978 मध्ये इटालियन संशोधकांनी दाखवलं होतं की टीबीच्या पाण्यात ते वाढतं. साधारण 40 च्या वर गेलं की संशय पक्का होतो, तरी पू किंवा काही कॅन्सरमध्येही ते वाढतं, म्हणून नुसत्या आकड्यावर कुणी निकाल देत नाही. शंका उरली तर पडद्याचा तुकडा काढून तपासतात. आजचं जीनएक्सपर्ट मशीन थुंकीसाठी जबरदस्त आहे, पण या पाण्यात तेही बऱ्याचदा चुकतं. त्यामुळे तिथला निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे टीबी नाही, असं नसतं.

सहा महिने गोळ्या घेऊन दादा बरा झाला. एक्स-रेत डावीकडचा खालचा कोपरा मात्र अजून बोथट दिसतो, आणि नोकरीच्या प्रत्येक मेडिकलला त्याला विचारतात, "हे काय झालं होतं?"