गुळवेल कुणाच्या बाजूची?

ऑक्टोबरात मानोऱ्यात सोयाबीनची मळणी सुरू झाली की माझं नाक सुरू व्हायचं. थ्रेशरमधून उडणारं कुटार आणि धूळ सगळ्या गावावर पसरते. शाळेत असताना मी सलग पंधरा-वीस शिंका द्यायचो. वर्गातली पोरं मोजायची. आईकडे यावर एकच उपाय होता. अंगणातल्या निंबावर चढलेली गुळवेल. बोटाएवढ्या जाडीचा तुकडा तोडायचा, ठेचायचा, रात्रभर भिजवायचा, सकाळी उकळून अर्धा करायचा आणि नाक दाबून प्यायचा. ताप आला तरी तेच, कावीळ झाली तरी तेच, कुणाच्या प्लेटलेट कमी झाल्या तरी तेच.

पुढे पुण्यात नोकरी लागली, खिशात सेट्रीझिनची पट्टी आली आणि गुळवेल मागे पडली. ती परत भेटली २०२०च्या मार्चमध्ये. लॅपटॉप घेऊन घरी आलो तर सगळं घर रोज सकाळी काढा पीत होतं. शेजारचे लोक आमच्या निंबावरून वेल तोडून नेत होते. ‘इम्युनिटी’ हा शब्द तोवर आमच्या आळीत कुणी वापरला नव्हता. दोन महिन्यांत तो किराणा दुकानाच्या पाटीवर होता.

मग २०२१च्या जुलैमध्ये बातमी आली. मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं होतं. आईने फोनवरची बातमी मला दाखवली. तिला दहा वर्षांपासून थायरॉइडची गोळी चालू आहे, आणि तिच्या डॉक्टरांनी त्याचं कारण सोपं करून सांगितलं होतं की शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला करतं. ती एवढंच म्हणाली, “काहून रे, आता गुळवेलही बंद करू का? तुले तर लहानपणी मीच पाजली.”

मी इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. पण त्या रात्री ‘पिऊ नको’ किंवा ‘पी’ यातलं एक सांगण्याआधी मी वाचायला बसलो. वाचता वाचता लक्षात आलं की या वेलीचा गेल्या दीडशे वर्षांचा बराचसा इतिहास महाराष्ट्रातच घडलाय, आणि तो मला आलेल्या कुठल्याच व्हॉट्सअॅप फॉरवर्डसारखा नाही.

जुनी गोष्ट बहुतेकांना माहीत असते. संस्कृतात ती गुडूची, अमृता. रामरावण युद्धानंतर इंद्राने मेलेल्या वानरांवर अमृत शिंपडलं, त्याचे थेंब जिथे सांडले तिथे ही वेल उगवली, अशी कथा सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाशा’त आहे. मला तिची दुसरी दोन नावं जास्त आवडतात. एक छिन्नरुहा, म्हणजे तोडली तरी वाढणारी. दुसरं वत्सादनी, वासरं खातात ती. आमच्या वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म. संबंध काही नाही, पण वाचताना उगाच बरं वाटलं.

त्या ग्रंथांत ‘अ‍ॅलर्जी’ नाही. असणारही नाही, कारण हा शब्दच १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने बनवला. त्याचं म्हणणं असं की शरीराची संरक्षणव्यवस्था कधीकधी बदललेल्या पद्धतीने वागते आणि जे निरुपद्रवी आहे त्यावरच तुटून पडते. आयुर्वेदात प्रतिश्याय आहे, पीनस आहे. नाक वाहणं, चोंदणं, शिंका यांचं वर्णन आहे. पण ‘हा रोग शरीराच्या संरक्षणाचाच आहे’ ही कल्पना विसाव्या शतकाची. गुळवेल ‘प्राचीन काळापासून अ‍ॅलर्जीवर’ वापरतात, असं कुणी लिहिलं की तिथेच थांबायला हवं. वापरत असतील, पण प्रश्न वेगळा होता.

इंग्रजांनाही ही वेल पटली होती. १८६८च्या ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’त गुळवेल अधिकृत औषध म्हणून आहे, ताप आणि त्यानंतरच्या अशक्तपणासाठी. अडचण औषधाची नव्हती, बाजाराची होती. एकाच नावाने तीन वनस्पती विकल्या जायच्या आणि एकाच वनस्पतीला पाच नावं असायची. हा गुंता सोडवायला बसलेल्यांपैकी एक होते डॉ. सखाराम अर्जुन, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे. १८७९ साली त्यांनी मुंबईच्या बाजारातल्या औषधांची सूची छापली. चार वर्षांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन झाली, तेव्हा संस्थापकांत जे दोन भारतीय होते त्यातले ते एक. आज त्यांचं नाव निघालंच तर डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून निघतं. गांधी-बाजाराच्या पुड्या उघडून त्यातलं मूळ नेमकं कुठल्या झाडाचं आहे हे ठरवणं, हे काम कुणाच्या चरित्रात रंगत नाही. पण ते अपुरं राहिलं की काय होतं, ते २०२१ मध्ये दिसलं. त्याकडे येतो.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत हा प्रश्न परळच्या केईएम रुग्णालयात गेला. डॉ. शरदिनी डहाणूकर हे नाव मराठी वाचकांना ‘वृक्षगान’, ‘फुलवा’ या पुस्तकांमुळे ओळखीचं. झाडांवर इतकं रसाळ लिहिणाऱ्या बाई पेशाने औषधशास्त्राच्या प्राध्यापक होत्या, आणि डॉ. उर्मिला थत्ते व इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी गुळवेल प्रयोगशाळेत नेली, हे मला या वाचनाआधी ठाऊक नव्हतं.

त्यांच्या गटाचा १९९३चा एक प्रयोग सांगतो, कारण तो पुढे फार विचित्र रीतीने आठवतो. पित्तनलिकेत अडथळा येऊन होणाऱ्या काविळीत शस्त्रक्रिया करावी लागते, आणि अशा रुग्णांची जंतूंशी लढण्याची ताकद आधीच ढासळलेली असते. डॉ. निर्मला रेगे, शल्यविशारद डॉ. रवी बापट (‘वॉर्ड नं. पाच, केईएम’वाले) आणि डहाणूकर यांच्या गटाने तीस रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे दोन गट केले. दोघांनाही नेहमीचे उपचार दिले, एका गटाला त्यावर गुळवेल. नुसत्या नेहमीच्या उपचारांच्या गटात निम्म्या रुग्णांच्या रक्तात संसर्ग पसरल्याची लक्षणं दिसली, गुळवेलीच्या गटात एकाच्याही नाही. शस्त्रक्रियेनंतर वाचलेल्यांचं प्रमाण ४० टक्के आणि ९२.४ टक्के. यकृताचं काम दोन्ही गटांत सारखंच राहिलं. फरक पडला तो जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या कामात.

म्हणजे इथे गुळवेलीने प्रतिकारशक्ती उभी केली. रुग्ण तीसच, हे लक्षात ठेवूनही आकडा मोठा आहे.

आता नागपूर. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी उलट्या टोकाचा प्रश्न विचारला. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी नाही, उलट नको तिथे जास्त आहे, त्यांचं काय? म्हणजे माझ्यासारख्यांचं. २००५ साली ‘जर्नल ऑफ एथनोफार्माकॉलॉजी’त त्यांचा निबंध आला. अ‍ॅलर्जीच्या सर्दीचे ७५ रुग्ण, आठ आठवडे. काहींना गुळवेलीचा अर्क, काहींना तशीच दिसणारी औषधहीन गोळी, आणि कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. अर्क घेणाऱ्यांपैकी ८३ टक्के लोकांच्या शिंका पूर्ण थांबल्या. नाक वाहणं ६९ टक्क्यांचं, चोंदणं ६१ टक्क्यांचं आणि खाज ७१ टक्क्यांची थांबली. दुसऱ्या गटात ७९ टक्क्यांच्या शिंका जशाच्या तशा. अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या इओसिनोफिल पेशीही अर्क घेणाऱ्यांत कमी झाल्या.

हे वाचून मी खुर्चीतून उठलो होतो. माझ्या आजारावर, माझ्या विदर्भात, माझ्या अंगणातली वेल! मग बसलो. आमच्या कामात एखाद्या बदलाचा निकाल फारच स्वच्छ आला, तर आम्ही आधी बदलाचं कौतुक करत नाही, चाचणी नीट चालली का ते पाहतो. कमी लोकांवरच्या प्रयोगात नशिबानेही मोठे फरक दिसतात. अशा निकालानंतर दुसऱ्या शहरात, दुसऱ्या डॉक्टरांनी, दहापट रुग्णांवर तेच करून पाहायचं असतं. तसं होऊन गुळवेल नाक-कान-घसा तज्ज्ञाच्या चिठ्ठीवर आली, असं घडलं नाही. पेटंट न मिळणाऱ्या कुंपणावरच्या वेलीवर इतका पैसा कोण घालणार, हे त्याचं एक कारण असावं असं मला वाटतं. दुसरं कारण त्याहून साधं. ज्यांचा आधीच विश्वास आहे त्यांना पुराव्याची गरज नसते, आणि ज्यांचा नाही ते वाचत नाहीत.

आणि मूळ कोडं तसंच राहिलं. परळला वेल संरक्षण वाढवते, नागपूरला आवरते. हे दोन्ही कसं? तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये गुळवेलीतून अरॅबिनोगॅलॅक्टन नावाची एक लांब साखळीची शर्करा वेगळी काढली. तिने प्रयोगशाळेत बी-पेशींची संख्या वाढते, असं त्यांना दिसलं. बी-पेशी म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी. अ‍ॅलर्जीला कारणीभूत असलेलं आयजीई प्रतिपिंडही बी-पेशींपासूनच येतं. म्हणजे एकाच वेलीत निदान एक घटक असा की जो शिंका देणाऱ्याला नकोच असावा. शिवाय कडू द्रव्यं आहेत, अल्कलॉइड आहेत. काढ्यात काय किती उतरतं हे वेलीचं वय, ऋतू, पाणी आणि आईचा गॅस किती मोठा होता यावर ठरतं.

अडुळशाशी तुलना करा. त्यातलं व्हॅसिसीन हे एक द्रव्य सापडलं, त्याच्या रचनेवरून ब्रोमहेक्झिन बनलं, त्यातून अँब्रोक्सॉल. आज खोकल्याच्या निम्म्या बाटल्यांवर यातलं एक नाव असतं. एक रेणू, एक काम, मोजलेला डोस. गुळवेलीला असा एक रेणू मिळालाच नाही. शास्त्रज्ञांनी तिच्यासाठी सावध शब्द वापरला, ‘इम्युनोमॉड्युलेटर’. म्हणजे प्रतिकारशक्तीत बदल घडवणारी. कुठल्या दिशेने, कुणात, किती, हे त्या शब्दात मुद्दाम मोकळं सोडलेलं आहे.

बाजाराने त्याचं भाषांतर ‘इम्युनिटी बूस्टर’ असं केलं. पंख्याच्या रेग्युलेटरचं नुसतं ‘फास्ट’ केलं. ऑक्टोबर २०२० मध्ये आयुष मंत्रालयाच्या कोविड उपचार-नियमावलीत गुडूची घनवटी आली आणि वेल अंगणातून थेट राष्ट्रीय औषध झाली. कोण पितंय, किती दिवस, त्याला आधीचा काय आजार आहे, हे विचारणारं कुणी नव्हतं. आमच्या घरातही नव्हतं.

मुंबईचे ते सहा रुग्ण २०२०च्या शेवटच्या चार महिन्यांत आले होते. बहुतेकांना कावीळ. एकाचा मृत्यू झाला. यकृताच्या तपासणीत जे दिसलं ते ऑटोइम्यून आजाराशी मिळतंजुळतं होतं, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्या यकृतावर उलटलेली. काहींना तशी प्रवृत्ती आधीपासून, लपलेली असावी आणि गुळवेलीने तिला जागं केलं असावं, असा डॉक्टरांचा तर्क. मंत्रालयाने हा निष्कर्ष दिशाभूल करणारा ठरवला. त्यांचा मुख्य आक्षेप असा की रुग्णांनी खाल्लेली वनस्पती नक्की टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाच होती हे तपासलेलं नाही. तिची बहीण टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकते, जी यकृताला घातक ठरल्याच्या नोंदी आहेत.

सखाराम अर्जुन असते तर हसले असते की चिडले असते, माहीत नाही. दीडशे वर्षांनंतरही वाद ‘पुडीत नेमकं काय होतं’ इथेच. आणि आक्षेप चुकीचा नव्हता. क्रिस्पाच्या खोडावर गाठीगाठी असतात, पण वाळवून पूड केल्यावर गाठी कुठे दिसणार? फक्त तो आक्षेप दोन्हीकडून लागू होतो. पुडीत काय आहे हे ठाऊक नसेल, तर ती रोज प्या असंही सांगता येत नाही. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांतल्या डॉक्टरांनी मिळून ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यातही ऑटोइम्यून स्वरूप ठळक होतं. थायरॉइडसारखे आजार आधीपासून असणारेही त्यात होते.

१९९३ मध्ये काविळीच्या रुग्णांना वाचवणारी वेल २०२० मध्ये काविळीचं कारण म्हणून नोंदली गेली. मला यात विसंगती वाटत नाही. परळला ती मोजून, ठरावीक दिवस, ज्यांचं संरक्षण खचलंय अशांना, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर दिली होती. आमच्याकडे ती चहासारखी चालू होती.

दुसऱ्या दिवशी आईला मी यातलं निम्मंच सांगितलं. तुझ्या शरीराचं संरक्षण आधीच जरा जास्त करतंय, त्याला आणखी डिवचायला नको, एवढं. ती गप्प बसली. तिला वाईट काढ्याचं वाटलं नव्हतं, तर इतकी वर्षं सगळ्यांना पाजला त्याचं वाटलं होतं. मग आम्ही दिग्रसला जाऊन तिच्या यकृताच्या तपासण्या केल्या. रिपोर्ट नॉर्मल आला. काढा बंद झाला. बाबांनी बंद केला नाही, त्यांना थायरॉइड नाही असं त्यांचं म्हणणं. त्यांचंही रक्त तपासून घेतलं, एवढं मला जमलं.

गेल्या दिवाळीत घरी होतो. मळणी उशिरा चालली होती आणि मी ओट्यावर बसून शिंकत होतो. आईने पाण्याचा ग्लास आणि माझी सेट्रीझिन आणून दिली. मग निंबाकडे बघत विचारलं, “तुह्या त्या नागपूरच्या डॉक्टरायनं मग पुन्हा करून पाह्यलं का रे ते?”

“पाहून सांगतो,” मी म्हटलं.