वारो पडलो

फेब्रुवारी 2023 मध्ये हवामान खात्याने त्या हंगामातला उष्णतेच्या लाटेचा पहिला इशारा दिला, तो कच्छला आणि कोकणाला. विदर्भ आणि राजस्थान मागे राहिले. कोकणात तेव्हा आंब्याचा मोहोर अजून झाडावर होता, पहाटे अंगावर चादर लागायची आणि उन्हाळा सुरू झाला असे कुणी म्हणत नव्हते. तोवरच्या 1901 पासूनच्या नोंदींत तो देशातला सर्वात उष्ण फेब्रुवारी ठरला. दोन वर्षांनी, 2025 च्या फेब्रुवारीअखेरीस, कोकण-गोव्याच्या वाट्याला पुन्हा तसाच इशारा आला.

हवामान खात्याच्या हिशेबात मैदानी भागात पारा 40 अंशांवर गेल्याशिवाय लाटेचा विचार होत नाही. किनाऱ्याला मात्र 37 अंश पुरतात, अट एवढीच की तापमान सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त हवे. चंद्रपूरकराला 37 हा आकडा ऐकून हसू येईल. तोच पाहुणा मे महिन्यात मालवणच्या बाजारात दुपारी बारा वाजता उतरला, की तासाभरात त्याची बोलती बंद होते. विदर्भातला घाम अंगावर वाळतो आणि वाळताना अंग गार करतो. इथे हवेतच इतके पाणी असते की घाम नुसता निथळत राहतो. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला, तेव्हाही पारा 38 च्याच आसपास होता आणि उष्माघाताने 14 माणसे गेली. तेही कोकणच.

त्यामुळे मालवणी माणूस उन्हाळा पाऱ्यावर मोजत बसला नाही. त्याचे लक्ष वाऱ्यावर. सकाळी घाटाकडून येणारा मतलई वारा थांबतो, मधला काही वेळ पान हलत नाही आणि मग समुद्रावरून खारा वारा सुटतो. तो सुटला की माणूस बसल्या जागी सावरतो. 'वारो पडलो', म्हणजे वारा थांबला, एवढे दोन शब्द खळ्यातून ऐकू आले, की घरातली माणसे पडवीत येऊन बसत. फेब्रुवारी-मार्चमधल्या लाटांचे कारणही खारा वारा न सुटणे हेच आहे. देशावरून येणारे कोरडे पूर्वेचे वारे सह्याद्री उतरताना दाबले जाऊन आणखी तापतात आणि खाऱ्या वाऱ्याला किनाऱ्यावर येऊ देत नाहीत. मुंबईत 28 मार्च 1956 रोजी पारा 41.7 वर गेला होता. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना किनारपट्टीवर इतका पारा चढतो, तो बहुतेकदा या पूर्वेच्या वाऱ्यापायीच.

मालवण, देवगड, वेंगुर्ले या पट्ट्यातले जुने घर या वाऱ्याच्या भरवशावर बांधलेले आहे. भिंती जांभ्याच्या. फ्रान्सिस बुकाननने मलबारात हा दगड पाहून 1807 मध्ये त्याला 'लॅटेराइट' हे शास्त्रीय नाव दिले, पण त्याआधी कित्येक पिढ्या इथले पाथरवट खाणीतून चिरे काढतच होते. खाणीत तो मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. अंगभर छिद्रे असलेल्या या चिऱ्याची हातभर जाडीची भिंत तापायला दिवसाचा बराच वेळ घेते. तोवर ऊन कलते.

खरी गोष्ट छपराची. मुळात गरिबाचे छप्पर गवताचे किंवा झावळ्यांचे. ते थंड खरे, पण उन्हाळ्यात चुलीतली एक ठिणगी उडाली की आख्खी वाडी पेटायची भीती. बऱ्या घरांवर कुंभाराने घडवलेली नळीची कौले असत. मग 1865 मध्ये बासेल मिशनच्या जर्मन पाद्र्यांनी मंगळुरात नेत्रावतीच्या काठी कौलांचा कारखाना काढला. एकात एक अडकणारी, सपाट, लाल कौले गलबतांत भरून किनाऱ्याने उत्तरेला निघाली आणि बंदराबंदराला उतरली. मालवण-वेंगुर्ल्यातल्या एखाद्या पडक्या घराचे कौल उलटे करून पाहावे. कारखान्याचे नाव उठावाच्या अक्षरांत अजून वाचता येते. नळीच्या कौलांपेक्षा ती कमी लागत, वानरांनी उड्या मारल्या तरी जागची सहज हलत नसत आणि दर पावसाळ्याआधी शाकारणीचा व्याप बराच कमी झाला. या कौलांच्या जोडांत बारीक फटी राहतात. तापलेली हवा वर जाते आणि त्या फटींतून निसटते. खाली लाकडी माळा असला तर त्यावर भाताची कणगी, नारळ, सुक्या मासळीचे डबे आणि या सगळ्यामुळे उन्हाला आणखी एक आडोसा. जुन्या घरात दुपारी माजघरात गेले की डोळ्यांना क्षणभर काही दिसत नाही, इतका काळोख. खिडक्या लहान ठेवण्याबद्दल जुन्या लोकांना नावे ठेवणाऱ्यांनी मे महिन्यात त्या माजघरात तासभर पडून पाहावे.

घरापुढे खळे आणि खळ्यावर माटव. पाऊस संपला, खळे चोपून सारवून झाले, की माटवाचे खांब उभे राहत. वरच्या शाकारणीला चुडते लागत. माडाचे चुडत मधल्या दांड्यावर उभे चिरायचे, पाण्यात भिजत घालायचे आणि पाती नरम झाली की जमिनीवर बसून, पायाने एक टोक दाबून, एक पात वर एक खाली अशी विणत न्यायची. विणण्याचे काम बहुतेक बायकांचे, माडावर चढण्याचे पुरुषांचे. विणलेले झाप आडव्या बांबूंवर एकावर एक सरकवून बांधले की माटव तयार. पावसाचा थेंब अडेल इतके ते दाट नसते आणि तशी गरजही नसते. ऊन गाळून घेणे आणि वारा सोडून देणे एवढेच त्याचे काम. पहिला पाऊस पडायच्या आत माटव मोडायचे, कुजके झाप चुलीत किंवा माडाच्या आळ्यात. चार-सहा महिन्यांच्या या वास्तूखाली घरातले निम्मे आयुष्य जायचे. लग्ने तिथे, भजन तिथे, मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांच्या रात्रीच्या पंगती तिथे, आणि मोकळ्या हवेतली झोपही तिथेच. शेणाने सारवलेल्या जमिनीवर संध्याकाळी पाणी शिंपडले की तासाभरात ती बसण्याजोगी होते. फरशी रात्री उशिरापर्यंत तापलेलीच राहते.

सावलीइतकीच जपलेली दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. रापणकर पहाटे किनाऱ्यावर, शेतावरचे गडी उजाडता उजाडता कामाला, आणि दहा-अकराच्या सुमाराला पेज. उकड्या तांदळाची ही पेज, सोबत भाजलेला सुका बांगडा किंवा खारातली कैरी. घामावाटे गेलेले पाणी आणि मीठ एकाच वाडग्यातून परत मिळते. क्षारसंजीवनीची पाकिटे यायच्या कितीतरी आधीपासून हे चालू आहे. बाजारही याच घड्याळाने चालतो. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडीतली कितीतरी दुकाने आजही दुपारी फळ्या लावतात. मुंबईचा पर्यटक त्यावरून कोकणी माणसाच्या आळसाची थट्टा करतो. तेरेखोल ओलांडून गोव्यात गेल्यावर तोच माणूस त्याच प्रथेला कौतुकाने सुशेगाद म्हणतो! दशावताराचा खेळही मध्यरात्रीच्या सुमाराला उभा राहून पहाटे संपतो. त्याला देवळाच्या वहिवाटीची कारणे आहेत, पण ती वहिवाट हवेला सोयीची आहे यात शंका नाही.

आणि तरीही या किनाऱ्याने उन्हापासून नुसता पळ काढलेला नाही. ऊन हवे असणारी कामे इथे ढिगाने आहेत आणि ती सगळी आगोटीच्या आत उरकायची असतात. सुकी मासळी, आंब्या-फणसाची साठे, मिरच्या, जळण. त्यात सगळ्यात चिवट काम कोकमाच्या फळांचे, म्हणजे रातांब्यांचे. ते एप्रिल-मेमध्ये पिकतात आणि पावसात सापडले तर कुजतात. फळ फोडून बी आणि गर वेगळा करायचा, साले मिठाच्या रसात बुडवायची, उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. साले काळीकुळीत होईपर्यंत हे चालते आणि मगच सोले वर्षभर टिकतात. खारवलेला रस म्हणजे आगळ. बियांचे तेल पायांच्या भेगांना. कडक उन्हाने करून दिलेली ही सोले वर्षभर सोलकढीतून, उन्हाळ्यात तिवळातून पोटात थंडावा घालतात. 2016 मध्ये सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले.

हापूसला मात्र ऊन सोसत नाही. वरून देखणे फळ कापले की आत पांढरट, आंबट साका. तो जमिनीतून वर येणाऱ्या तापामुळे होतो असे मानणारे संशोधन आहे, म्हणून झाडाखाली पालापाचोळ्याचे आच्छादन करायला सांगतात. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून काढलेल्या 'रत्ना' जातीत साका होत नाही. बागायतदाराचे मन मात्र हापूसवरच.

आता सावली नसलेल्यांचे. जुन्या कोकणाचे गोडवे गाताना हा भाग हमखास वगळला जातो. माटव खळे असणाऱ्याचे. ज्याला खळेच नाही त्याचे उन्हाळ्याचे ठिकाण म्हणजे दुसऱ्याची वई नाहीतर उघडी पुळण. वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याच्या मिठागरांत ऊन हेच भांडवल होते. भरतीचे पाणी वाफ्यांत घ्यायचे, एकातून दुसऱ्यात सोडत घट्ट करायचे आणि पांढरा थर धरला की ओढून ढीग लावायचे. समुद्राच्या पाण्यात साडेतीन टक्के मीठ. उरलेले सगळे पाणी उन्हाने न्यायचे. वळवाची एक सर आली तरी काही दिवसांची मेहनत पाण्यात जाते, म्हणून ऊन आणखी तापावे अशी इच्छा करणारी ही किनाऱ्यावरची बहुधा एकमेव माणसे. 1930 च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह याच शिरोड्याला झाला. महाराष्ट्राच्या अनेक भागांतून आलेले सत्याग्रही भर वैशाखात त्या आगरांत उतरले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. मीठ तयार होण्याचा हंगाम तोच असल्याने लढ्यालाही दुसरा मुहूर्त नव्हता. इतिहासाच्या पुस्तकांत त्या लाठ्यांची नोंद आहे. त्याच आगरांत वर्षानुवर्षे उघड्या पायांनी उभे राहिलेल्या मजुरांची नाही.

पाण्याचेही तेच. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात मे महिन्यात कळशा घेऊन बायका सडे तुडवतात, कारण जांभ्याच्या भेगांतून पाणी थेट समुद्राची वाट धरते. राज्यकर्त्यांना याची जाण जुनीच. 1664 मध्ये शिवरायांनी मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याचे काम सुरू केले, तेव्हा चारी बाजूंनी खारे पाणी असलेल्या त्या खडकावर दूध, दही आणि साखर या तीन गोड्या विहिरी होत्या म्हणूनच तिथे शिबंदी राहू शकली. रामचंद्रपंत अमात्यांनी पुढे आज्ञापत्रात लिहिलेला सल्लाही असाच: किल्ल्याआधी पाणी पाहा, आणि झरा असला तरी टाकी खोदून ठेवा.

ज्यांना परवडत होते ते सरळ वर गेले. वेंगुर्ले बंदर 1812 मध्ये सावंतवाडीकडून इंग्रजांकडे गेले. तिथून बेळगावच्या छावणीकडे जाणाऱ्या वाटेवर, 690 मीटर उंचीवर, आंबोली. संस्थानचे पोलिटिकल एजंट कर्नल वेस्ट्रॉप यांनी तिथे थंड हवेचे ठिकाण वसवले, सावंतवाडीच्या राजघराण्यानेही उन्हाळी मुक्कामासाठी तिथे वाडा बांधला. खाली घामाघूम होऊन बैलगाड्या हाकणाऱ्यांना आंबोली लागायची ती घाट चढताना.

आज जिल्ह्यात नवे घर बांधायचे तर बहुतेकदा स्लॅबचे. त्याची कारणे पटण्याजोगी आहेत: वासे, रिपा आणि सुतार परवडत नाहीत, शाकारणीला माणूस मिळत नाही, वानर कौले फोडतात आणि वादळात ती उडतात. पण स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री खालच्या खोलीत सोडतो. पंखा तीच गरम हवा फिरवत राहतो. म्हणून दोन-चार उन्हाळे काढले की अनेक जण स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभारून पत्रा घालतात. मधल्या मोकळ्या जागेतून वारा खेळतो आणि खाली थोडा तरी फरक पडतो. जुन्या माळ्याचे काम आता ती पोकळी करते. खळ्यात फरशी आली आहे, माटवाच्या जागी हिरवी जाळी. जाळीला दरवर्षी विणावे लागत नाही आणि माडावर चढणारा शोधावा लागत नाही, हा तिचा मोठा गुण. चुडतांची सावली मात्र तिला नाही.

उन्हाळ्यात शाळा सकाळची होते, ही सरकारने चालू ठेवलेली जुन्या घड्याळाची एक खूण. तो बदल साधारणपणे मार्चमध्ये होतो. फेब्रुवारीतल्या त्या इशाऱ्यांच्या वेळी कोकणातली मुले भर दुपारी वर्गात होती, आणि आंब्याच्या बागेतले, रस्त्याच्या कामावरचे मजूरही रोजच्याच वेळेला कामावर. अहमदाबादने 2010 च्या लाटेत माणसे गमावल्यावर 2013 मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला. त्यात इशारा कधी द्यायचा, दवाखान्यांनी काय तयारी ठेवायची आणि कुणाला आधी सांगायचे हे ठरवलेले आहे. तो कोरड्या उन्हाचा आणि मोठ्या शहराचा आराखडा. किनाऱ्यावरच्या गावांसाठी तसा करायचा झाला तर पाऱ्याशेजारी आर्द्रतेचा आणि खारा वारा सुटण्याच्या वेळेचा रकाना लागेल, आणि सुरुवात एप्रिलऐवजी फेब्रुवारीपासून धरावी लागेल.